‘कुणीही येऊ दे’ असं म्हणू नका

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. नोकरीसाठी इंग्लंडला आलो आणि शेफील्डलाच राहिलो. सुरुवातीला इथं कुणाशी बोलायचं म्हटलं तरी विषय नसायचा. शेजारच्या काकांकडे एकदा जादाचं तिकीट होतं, ते मला हिल्सबरो ग्राउंडवर घेऊन गेले आणि त्या दिवसापासून शेफील्ड वेन्सडे हा फुटबॉल क्लब माझा झाला. पुढे पोरगाही त्यातच वाढला. मे २०२३ मध्ये पीटरबरोकडून पहिला सामना ४-० हरल्यावर दुसऱ्या सामन्यात आमच्या पोरांनी चारही गोल फेडून जे केलं, ते आम्ही दोघांनी ग्राउंडवर बसून पाहिलंय. तेव्हा तो दहा वर्षांचा होता.

आता काय चाललंय ते तुम्ही वाचत असाल. क्लब ऑक्टोबर २०२५ पासून ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये आहे, म्हणजे देणी भागेनात म्हणून कारभार ॲडमिनिस्ट्रेटरांच्या हाती गेलाय, आणि एकूण १८ गुण कापले गेलेत. रोज नव्या खरेदीदाराचं नाव येतं आणि दुसऱ्या दिवशी विरतं. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइल बघत बसतो. पोरगा शाळेतसुद्धा तेच करतो, तक्रार आली. बायको म्हणते, त्या क्लबनं आपल्याला काय दिलंय म्हणून तुम्ही दोघं एवढा जीव टाकताय? वर पैशाचाही प्रश्न आहे. पुढच्या वर्षाचं तिकीट काढायचं का? चाहत्यांच्या ट्रस्टला पैसे द्यायचे का? परवा पोरगा म्हणाला, “बाबा, क्लब बंद पडला तर मी कुणाचा?” मला उत्तर सुचलं नाही.

खरं सांगतो ताई, आता एवढंच वाटतं की कुणीही येऊ दे, पण क्लब विकत घेऊ दे.

– एक कोल्हापूरकर, शेफील्ड

दादा, नमस्कार.

तुमचं शेवटचं वाक्य मी आधी घेते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्यापाशी येऊन अडतात. ‘कुणीही येऊ दे’ हे मनातून काढून टाका. तुमचा जीव किती टांगणीला लागला आहे ते पत्रातल्या ओळीओळीतून कळतं. पण इंग्लंडमधले जे क्लब बुडाले किंवा बुडता बुडता वाचले, त्यातल्या बऱ्याच जणांची खरी अडचण अशाच एका ‘कुणीही’पासून सुरू झाली होती.

बेरीचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल, शेफील्डपासून ते गाव काही लांब नाही. १८८५ सालचा क्लब, १९०० आणि १९०३ मध्ये एफए कप जिंकलेला. डिसेंबर २०१८ मध्ये कर्जात रुतलेला हा क्लब अवघ्या १ पौंडाला स्टीव्ह डेल नावाच्या माणसाला विकला गेला. बेरी नावाचा फुटबॉल संघ आहे हेच आपल्याला ठाऊक नव्हतं, असं या गृहस्थांनी नंतर रेडिओवर सांगितलं. पगार थकलेले असताना खेळाडूंनी त्याच वसंतात क्लबला लीग टूमधून वरच्या श्रेणीत नेलं. पण ऑगस्ट उजाडला तरी हंगाम चालवायला पैसे कुठून येणार, याचा पुरावा मालकाला देता येईना. लीगनं एकेक सामना पुढे ढकलला आणि शेवटी २७ ऑगस्ट २०१९, संध्याकाळी पाच, अशी मुदत दिली. त्याच दिवशी शेकडो चाहते झाडू, फडकी, बादल्या घेऊन गिग लेन या क्लबच्या ग्राउंडवर जमले. एक कंपनी क्लब घेणार, शनिवारी सामना होणार, मग ग्राउंड घाण कसं ठेवायचं? माणसं खुर्च्या पुसत होती, तण उपटत होती. मुदतीला दीडेक तास उरला असताना घेणाऱ्या कंपनीनं आपण माघार घेत असल्याचं सांगितलं, आणि रात्री बेरीला लीगमधून काढून टाकलं गेलं.

त्या चाहत्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या मायेत काही कमी नव्हतं. घोळ आठ महिने आधी, त्या एका पौंडाच्या व्यवहारात झाला होता. घेणाऱ्याकडे क्लब चालवायला पैसे आहेत का, हे व्यवहाराआधी कुणी नीट पाहिलं नव्हतं.

आता डर्बी काउंटीकडे पाहा. त्यांची गोष्ट तुमच्या क्लबच्या जास्त जवळची आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ते ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेले, आधी १२ आणि मग ९ असे २१ गुण गेले, आणि क्लब विकत घेणारा येईपर्यंत त्यांचे चाहते नऊ महिने तुमच्यासारखेच रात्री जागत होते. एप्रिल २०२२ मध्ये ॲडमिनिस्ट्रेटरांनी ख्रिस किर्शनर या अमेरिकी उद्योजकाला प्रिफर्ड बिडर, म्हणजे पहिल्या पसंतीचा खरेदीदार, म्हणून जाहीर केलं. करार झाला, पैसे ‘येतायत’ असं सांगितलं गेलं, एक तारीख गेली, दुसरी गेली. जूनमध्ये त्यानं माघार घेतली. तेव्हा डर्बीत काय वातावरण असेल ते मी तुम्हाला सांगायला नको. पण पुढचं ऐका. जानेवारी २०२४ मध्ये हाच माणूस आपल्या स्वतःच्या कंपनीतल्या पैशांच्या फसवणुकीबद्दल अमेरिकेत दोषी ठरला आणि पुढे त्याला २० वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या हाती डर्बी गेला असता तर? किर्शनर गेल्यावर डेव्हिड क्लाउज नावाचा तिथलाच एक बांधकाम व्यावसायिक, लहानपणापासूनचा डर्बीचा चाहता, पुढे आला. त्यानं आधी ग्राउंड घेतलं, मग १ जुलै २०२२ ला क्लब घेतला. दोनच वर्षांत खाली घसरलेला डर्बी पुन्हा चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, आला.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की उशिराला घाबरू नका. गावाकडे जमीन घेताना आपण सातबारा काढतो, फेरफार बघतो, वकिलाकडून सर्च रिपोर्ट घेतो, आणि विकणारा ‘उद्याच सही करा’ म्हणायला लागला की आपल्याला शंका येते. इथेही तसंच आहे. घेणाऱ्यानं पैसे कुठून येणार ते दाखवायचं, लीगच्या मालक-संचालकांच्या चाचणीतून पार पडायचं, पुढच्या हंगामांचा खर्च कसा भागवणार ते मांडायचं. खेळाडूंची आणि इतर क्लबांची देणी पूर्ण द्यायची. बाकीच्या विनातारण देण्यांमध्ये पौंडामागे निदान २५ पेन्स द्यायचे, नाहीतर नव्या मालकाला आणखी १५ गुणांची कपात सोसायची तयारी ठेवायला लागते. हे सगळं एका आठवड्यात होत नाही. आणि ज्यांना पौंडामागे २५ पेन्स मिळणार आहेत ते कोण, याचाही एकदा विचार करा. खाण्याचे पदार्थ पुरवणारा, प्लंबर, छपाईवाला, गावातलाच कुणीतरी. त्यांना जास्त मिळावं असं वाटत असेल तर नीट पैसेवाला खरेदीदार हवा, पहिला आलेला नव्हे.

तुमच्या क्लबच्या बाबतीत एक गोष्ट बरी झाली आहे आणि तिच्याकडे गोंधळात लक्ष जात नाही. २०१५ मध्ये चॅनसिरी या थायलंडच्या उद्योजकांनी क्लब घेतला आणि काही वर्षांनी हिल्सबरो त्यांच्याच दुसऱ्या कंपनीच्या नावावर गेलं. त्या विक्रीचा नफा चुकीच्या वर्षाच्या हिशेबात दाखवल्यामुळे २०२०-२१ च्या हंगामात ६ गुण गेले. ते ६ गुण असते तर क्लब त्या वर्षी खाली घसरला नसता. कागदावरचा एक आकडा इकडचा तिकडे झाला की त्याची किंमत मैदानावर कशी मोजावी लागते, हे तुम्हा लोकांना इतर कुणाहीपेक्षा चांगलं माहीत आहे. २४ ऑक्टोबर २०२५ ला मात्र क्लब आणि ग्राउंडची कंपनी, दोन्ही एकदमच ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेल्या. म्हणजे घेणाऱ्याला दोन्ही एकत्र मिळू शकतात. डर्बीत हे दोन वेगळ्या हातांत होतं आणि तिथंच गाडी कितीतरी महिने अडकली होती. यापुढे ग्राउंड आणि क्लब पुन्हा वेगळे होता कामा नयेत, हा आग्रह तुम्ही चाहत्यांनी शेवटपर्यंत सोडू नका.

मोबाइलचं सांगते. अशा व्यवहारात जो खरोखर हिशेब पाहत असतो, त्यानं गुप्ततेच्या करारावर सही केलेली असते. बोलीदार, त्याचा वकील, ॲडमिनिस्ट्रेटर, लीगचे अधिकारी, यांना बोलायची मुभा नसते. त्यामुळे रात्री दोन वाजता जो ‘माझ्याकडे आतली बातमी आहे’ असं लिहितो, त्याच्याकडे ती असायची शक्यता फार कमी. आणि कधी बोलीदाराचाच माणूस मुद्दाम नाव सोडतो, कारण चाहते आपल्या बाजूनं झाले की वाटाघाटीत वजन वाढतं. तुमची झोप अशी दुसऱ्याच्या सौद्यात खर्च होऊ देऊ नका. ॲडमिनिस्ट्रेटरांचं निवेदन, लीगचं निवेदन आणि सपोर्टर्स ट्रस्टचं निवेदन, एवढं तीनच ठिकाणी बघायचं. संध्याकाळी जेवणाआधी, पोराला शेजारी बसवून, एकदाच. काही आलं असेल तर दोघांनी मिळून वाचा. त्यात कोण काय म्हणतंय, कुठला शब्द पक्का आणि कुठला नुसताच आशेचा, हे त्याला दाखवा. ‘चर्चा सुरू आहे’ आणि ‘पैसे जमा झाले’ यांतला फरक तेरा वर्षांच्या मुलाला बरोबर कळतो. त्यानंतर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. हे दोघांनाही लागू, नाहीतर तो का ऐकेल?

आता वहिनींचा प्रश्न. त्या क्लबनं आपल्याला काय दिलं? याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे आणि ते तुम्ही वहिनींना बहुधा कधी सांगितलेलं नाही. परक्या गावात बोलायला माणूस नव्हतं तेव्हा शेजाऱ्यानं तुम्हाला एका खुर्चीवर नेऊन बसवलं आणि आजूबाजूच्या पाच-पन्नास माणसांनी तुम्हाला आपलं म्हटलं. मुलाला तुमच्याबरोबर घालवायला दर पंधरवड्याला एक शनिवार मिळाला. १८ मे २०२३ च्या रात्री, ९८ व्या मिनिटाला चौथा गोल झाला तेव्हा तुम्ही कुणाला मिठी मारली होती, ते आठवतं का? कदाचित त्या माणसाचं नावही तुम्हाला माहीत नसेल. हे वेड आहे असं मला मुळीच वाटत नाही. परदेशात मुळं धरायला माणसाला काहीतरी लागतं, आणि तुम्हाला ते हिल्सबरोत सापडलं. पण दादा, वहिनींचंही ऐका. त्यांचा राग क्लबवर असेलच असं नाही. घरातली दोन माणसं तीन महिने तिथं नसल्यासारखी वागतायत आणि घर त्या एकट्या ओढतायत, यावर असू शकतो. तेव्हा आधी फोन खाली ठेवा आणि मग हे बोला.

पैशाबद्दल स्पष्टच बोलते, कारण भावनेच्या भरात माणसं इथं फसतात.

चालू हंगामाचं तिकीट तुमच्याकडे आहेच. पुढच्या हंगामाचं तिकीट नवा मालक येण्याआधी विक्रीला निघालं, तर पैसे भरताना क्रेडिट कार्डानं भरा. ब्रिटनच्या १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किंमतीच्या वस्तूला किंवा सेवेला कार्ड कंपनी दुकानदाराइतकीच जबाबदार असते. उद्या सेवा मिळालीच नाही तर तुम्ही तिच्याकडे पैसे मागू शकता. लक्षात ठेवा, किंमत प्रत्येक तिकिटाची धरतात, एकूण बिलाची नव्हे. तुमचं तिकीट त्यात बसेल, मुलाचं सवलतीचं असेल तर बसेलच असं नाही. डेबिट कार्डाला हे संरक्षण नाही. बँकेतून थेट पैसे पाठवू नका. एवढी काळजी घेऊन तिकीट काढायला माझी काही हरकत नाही, कारण ॲडमिनिस्ट्रेशनच्या काळात रोजचा खर्च गेटवरच्या आणि दुकानातल्या पैशांवरच बराचसा चालतो.

तुमच्याच लोकांनी हे ऑक्टोबरात दाखवून दिलं. २२ तारखेला मिडल्सब्रोविरुद्धच्या सामन्यावर मालकाच्या निषेधार्थ चाहत्यांचा बहिष्कार होता आणि एवढ्या मोठ्या ग्राउंडवर ७ हजारांच्या आसपास माणसं होती. दोनच दिवसांनी मालकाच्या हातून क्लब गेला. त्याच दिवशी क्लबच्या दुकानाबाहेर रांग लागली, ज्यांनी महिनोन्‌महिने एक पेनी खर्च केली नव्हती ती माणसं स्कार्फ, टोप्या, जर्सी, जे मिळेल ते घेऊन बाहेर पडत होती. आणि २५ तारखेला ऑक्सफर्डविरुद्ध तीच माणसं २७ हजारांच्या आसपास जमली. संघाच्या नावापुढे तेव्हा उणे ६ गुण होते. इतक्या स्वच्छपणे, इतक्या एकजुटीनं सांगणं मी क्वचित पाहिलंय. आमचा पैसा क्लबला, मालकाला नाही, हे त्यांनी एका आठवड्यात दोन्ही बाजूंनी सिद्ध केलं.

ट्रस्टला पैसे द्यावेत का? माझं मत आहे, सभासद जरूर व्हा. ट्रस्टमध्ये एका माणसाला एक मत असतं, मोठी देणगी देणाऱ्याला दोन मिळत नाहीत. पोर्ट्समथमध्ये याच रचनेनं क्लब वाचवला. २०१० आणि २०१२, दोनदा ॲडमिनिस्ट्रेशन, तीन श्रेण्यांची घसरण. शेवटी चाहत्यांच्या ट्रस्टनं हजार पौंडांचा एक शेअर ठेवला. दोन हजारांहून जास्त लोकांनी पैसे घातले, ज्यांना एकट्याला झेपत नव्हतं त्यांनी मित्रमंडळी जमवून एक शेअर घेतला. एप्रिल २०१३ मध्ये क्लब त्यांचा झाला, पुढच्या वर्षी कर्जमुक्त झाला, २०१७ मध्ये लीग टूचं विजेतेपद आलं. त्यानंतर सभासदांनी मतदान करून क्लब मायकेल आइस्नर यांच्या कंपनीला विकला. म्हणजे चाहते कायम मालक राहिले नाहीत, पण कुणाला विकायचं आणि कधी, हे त्यांनी ठरवलं. वेन्सडेसारखा क्लब केवळ ट्रस्टच्या पैशानं विकत घेणं अवघड आहे, हे मला कळतं. पण ट्रस्ट जितका मोठा, तितकं नव्या मालकाला त्याच्याशी बोलावं लागतं. फक्त आकडा आधी वहिनींसोबत ठरवा, आणि मग तो ओलांडू नका. घराच्या हप्त्याला किंवा आईवडिलांना पाठवायच्या पैशाला हात लावायचा नाही.

इथे तुम्ही कोल्हापूरचे आहात हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर ज्यांच्यासाठी माणसं घसा फोडतात, त्यांतला एकही संघ परगावच्या कुणी धनाढ्यानं उठून विकत घ्यावा, असं तुम्हाला कधी सुचलं असतं का? संघ तालमीचा असतो, तालीम पेठेची असते, वर्गणी पेठ गोळा करते, आणि हरल्यावर जाबही पेठच विचारते. त्या व्यवस्थेतही भांडणं आहेत, हमरीतुमरी आहे, ते मी नाकारत नाही. पण संघ कुणाचा, हा प्रश्न तिथे पडत नाही. उलट पुण्याकडे बघा. पुणे एफसी हा एका उद्योगसमूहाचा क्लब, २०१५ मध्ये समूहानं हात काढला. तिथलाच दुसरा क्लब एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. बालेवाडीत ढोल घेऊन येणाऱ्या पोरांच्या हाती ना ट्रस्ट होता, ना मत, ना ग्राउंडवर काही हक्क. एका सकाळी बातमी आली आणि संपलं. शेफील्डमध्ये तुमच्या हाती निदान काहीतरी आहे. जुलै २०२५ मध्ये तिथं फुटबॉलच्या कारभाराचा कायदा झाला, स्वतंत्र नियामक आला, आणि चाहत्यांचं म्हणणं ऐकून घेणं हे क्लबांवर हळूहळू बंधनकारक होतं आहे. पेठेतल्या माणसाला हे सगळं शिकवावं लागत नाही. तुम्ही ट्रस्टच्या बैठकीत बोलायला उभे राहा. वर्गणी कशी जमवतात आणि हिशेब फलकावर कसा लावतात, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलंय.

आता मुलाचा प्रश्न. “क्लब बंद पडला तर मी कुणाचा?”

त्याला खोटा धीर देऊ नका. ‘काही होत नाही रे’ म्हणालात आणि उद्या काही झालं, तर त्याचा क्लबवरचा विश्वास जाईलच, तुमच्यावरचाही जाईल. त्याला सांगा की १८ गुण गेल्यावर या वर्षी खालच्या श्रेणीत जाणं जवळपास ठरलेलं आहे. याचं दुःख त्याला आत्ताच करू द्या, एकेका सामन्यागणिक कुरतडून घेण्यापेक्षा ते बरं. डर्बी गेला आणि आला, हे सांगा. तुमचाच क्लब २०२१ मध्ये गेला आणि २०२३ मध्ये वेम्बलीवर शेवटच्या क्षणाला जोश विंडासच्या हेडरनं परत आला, हे त्याला सांगायची गरजच नाही, ते त्याला पाठ असेल.

आणि बंद पडण्याचंही बोला. क्लब म्हणजे एक कंपनी, एक ग्राउंड आणि माणसं. कंपनी बुडू शकते. बेरीची बुडाली. पण गिग लेन बेरीच्याच लोकांनी मिळून २०२२ मध्ये परत मिळवलं, चाहत्यांचे दोन गट भांडत भांडत शेवटी मतदान करून एक झाले आणि २०२३ पासून बेरी एफसी त्याच ग्राउंडवर पुन्हा खेळायला लागला. नवव्या पायरीवर, छोट्या छोट्या गावांच्या संघांशी. मधली चार वर्षं तिथं गेटला कुलूप होतं, हेही सांगा. ते गाव किती दुखावलं, हे लपवून गोड शेवट सांगू नका. मग त्यानं पुन्हा विचारलं की मी कुणाचा, तर त्याला म्हणा की १८६७ पासून ज्या शहरानं हा क्लब सांभाळला, त्यातल्या हजारो माणसांमध्ये आपलीही दोन नावं आहेत, आणि ती नावं कुठल्याही मालकाच्या सहीनं खोडली जात नाहीत. याहून जास्त सांगायची गरज नाही.

त्याच्या हाताला काम मात्र द्या. पगार थकले तेव्हा २०१९ मध्ये बोल्टन गावात तिथल्या क्लबच्या आणि तिथल्या हॉटेलच्या कर्मचाऱ्यांसाठी अन्नपेढी उघडावी लागली होती. तिकीट फाडणारे, स्वयंपाकघरात भांडी घासणारे, गवत कापणारे. अशा काळात सगळ्यांच्या तोंडी खेळाडूंची नावं असतात आणि ही माणसं कुणाला दिसत नाहीत. तुम्ही ज्या गेटमधून जाता तिथं उभे असणारे, चहाच्या खिडकीमागचे, त्यांना मुलानं नावानं विचारावं, कसं चाललंय. ट्रस्टकडे किंवा क्लबच्या सामाजिक कामांत स्वयंसेवक लागत असतील तर दोघांची नावं द्या. नुसती वाट पाहणं मुलांना फार जड जातं, मोठ्यांनाही.

राहिला नवा मालक. नाव जाहीर झालं की सगळं शहर त्याला डोक्यावर घेईल, आणि ते समजण्यासारखं आहे. तुम्हीही गळ्यात स्कार्फ घालून जा. पण पहिल्या बैठकीत जे विचारायचं ते आत्ताच लिहून ठेवा. क्लब आणि हिल्सबरो एकाच नावावर राहणार का? तुमचा पैसा तुमचा आहे की क्लबवरच बोजा टाकून काढलेलं कर्ज आहे? पहिल्या दोन वर्षांचे पगार कुठून देणार? ताळेबंद वेळेवर जाहीर करणार का? क्लबचं नाव, रंग, बोधचिन्ह बदलायचं झालं तर ट्रस्टला विचारणार का? आणि तुम्हाला विकायचं झालं तर आम्हाला ते कधी कळणार? ट्रस्टची अशी बैठक ठरेल तेव्हा मुलाला बरोबर न्या. ग्राउंडचा प्रश्न त्यालाच विचारू द्या, कारण तेरा वर्षांच्या पोरानं सगळ्यांसमोर विचारलेल्या प्रश्नाला गोल गोल उत्तर देणं कुठल्याही मालकाला सोपं जात नाही.